सेविका, मदतनीस, आशाताई : यांची विचारपूस कोण करतं?

कोरडवाहू | १९ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं, दर्यापूरच्या बाजूचं. माझी वहिनी चौदा वर्षांपासून गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे.

मागच्या मंगळवारी दुपारी डवरणीवरून परत येताना अंगणवाडीसमोर थांबलो. लेकरं गेली होती. वहिनी पायरीवर बसलेली, मांडीवर खिचडीचं ताट, खिचडीवर साय धरलेली. म्हटलं, वहिनी, जेवत काहून नाई? म्हणे, "भूक हाये भाऊ, पण हातच उचलत नाई." सकाळी सातपासून दोन खेपा गोड्या पाण्याच्या, कारण हापशाचं पाणी खारं आणि त्यात डाळ शिजत नाही. मग झाडझूड, लेकरांना घरून आणणं, चूल, वाढणं, भांडी. त्या दिवशी गॅस संपला होता आणि काड्या ओल्या होत्या. तिचे डोळे धुराने लाल होते. मला आधी वाटलं रडली.

मी तिच्याच घरात राहतो. चौदा वर्षांत मी तिला तिच्या कामाबद्दल एक प्रश्न विचारलेला नाही, हे त्या पायरीवर उभं असताना ध्यानात आलं. तेव्हापासून चैन नाही.

आम्ही गावातले सात-आठ जण १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घेणार आहोत. सेविका, मदतनीस, दोन आशाताई आणि निराधार म्हातार्‍यांकडे जाऊन त्यांचं औषधपाणी बघणारी एक बाई, अशा पाच जणी. यादी केली : मानधन वेळेवर, गॅस, नळजोडणी, पंखा. पण यादी वाचली की वाटतं, यात इमारत आहे आणि त्या बाया नाहीत. त्यांना काय विचारायचं, कसं विचारायचं, हे तुमच्यापैकी कुणी हे काम करत असेल किंवा जवळून पाहिलं असेल तर सांगा. मोठं लिहिलं तरी चालेल.

तुरीच्या_शेंगा | १९ जुलै, रात्री १०:०५

वाचतेय. माझी आई २६ वर्षं सेविका होती. उद्या सविस्तर लिहिते, आज डोळे भरून आले.

लोखंडी_पूल | १९ जुलै, रात्री १०:३१

भाऊ, तुमच्या वहिनींबद्दल आदर आहे. पण सगळीकडचं चित्र असं नाही. आमच्या गावची अंगणवाडी अकरा वाजता गेलं तर कुलूप. टीएचआरची (घरी न्यायच्या कोरड्या आहाराची) पाकिटं बकर्‍यांपुढे ओतलेली मी डोळ्यांनी पाहिली. चांगल्या काम करणार्‍यांची कदर व्हावी, पण कौतुकाचा धागा काढताना हेही लिहिलं पाहिजे.

पळसफूल | २० जुलै, पहाटे ५:५०

मी स्वतः आशा आहे. यवतमाळ जिल्हा. आत्ता वेळ आहे म्हणून लिहिते, नंतर दिवसभर होणार नाही.

लोक विचारतात, तुमचं काम काय? मी सांगते, गावात जे कुणाचंच नाही ते माझं. गरोदर बाईची नोंदणी, बाळंतपणाला सोबत, लसीकरणाच्या दिवशी घरोघर हाका, क्षयरोग्याच्या गोळ्या, तापाचे रक्तनमुने, बीपी-शुगरचे फॉर्म, कुणाचं आयुष्मान कार्ड. बाळ दवाखान्यात जन्मलं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी जायचं. सहा भेटी पूर्ण झाल्या की २५० रुपये. भागून बघा.

एक रात्र सांगते. श्रावण होता. बाळ अठराशे ग्रॅमचं, सातव्या दिवसाची भेट दुपारी झाली होती, तेव्हा ठीक होतं. रात्री साडेनऊला त्याची आजी दारात. गेले. लाइट नाही. बाळाच्या बापाने मोबाइलचा उजेड धरला, मी झबलं वर केलं आणि घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त भरले तर धोका, हे आम्हाला शिकवलेलं असतं. चौसष्ट आले. माझ्यावर माझाच विश्वास बसेना. पुन्हा मोजले, सहासष्ट. छातीखाली खड्डा पडत होता. नाल्याला पूर, गाडी पलीकडेच थांबणार. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाळंतीण, तिच्या छातीशी बाळ, वर ताडपत्री, आणि मी ताडपत्रीचं टोक धरून. बाळ वाचलं. आता ते अंगणवाडीत येतं आणि मला बघून पळतं, कारण मी म्हणजे सुई, असं त्याच्या डोक्यात बसलं आहे.

घरी आले तेव्हा पहाटेचे चार. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. तिने भाताच्या भांड्यावर झाकण ठेवून त्यावर पाटा ठेवला होता, मांजराने तोंड घालू नये म्हणून. स्वतः जेवली नव्हती, चुलीपाशीच झोपली होती. सकाळी आठला मी पुन्हा सर्व्हेला बाहेर.

कोरडवाहू दादा, तुम्ही विचारलं म्हणून आणखी एक. आमच्या भागात शेतकर्‍यांच्या आत्महत्या थांबाव्यात म्हणून प्रेरणा प्रकल्प आला, २०१५ साली. आशांनी घरोघर जाऊन विचारायचं : झोप लागते का, कामात मन लागतं का, थकल्यासारखं वाटतं का, जगण्यात अर्थ नाही असं मनात येतं का. मी शेकडो लोकांना विचारलं. एका रात्री उरलेला कोरा फॉर्म घेऊन मी तेच प्रश्न स्वतःला विचारले. जो माणूस असा निघाला असता, त्याला मी दुसर्‍या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं असतं. मी तो फॉर्म चुलीत घातला. माझी नोंद मी कुठल्या रकान्यात करणार होते?

निघते. १४व्या दिवसाची भेट आहे.

सातपुडा_पायथा | २० जुलै, सकाळी ८:१२

ताई, तुमचं वाचून चहा तसाच राहिला.

निवृत्त_मुख्यसेविका | २० जुलै, दुपारी १२:२०

लोखंडी_पूल यांना उत्तर देते. मी ३१ वर्षं एकात्मिक बालविकास योजनेत काढली, शेवटची १९ वर्षं पर्यवेक्षिका म्हणून. कुलूप असतं, हे खरं आहे. ते का असतं ते ऐका.

योजना सुरू झाली २ ऑक्टोबर १९७५ ला. सहा सेवा ठरल्या : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य-पोषण शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. एवढं एका सेविकेला आणि एका मदतनिसाला पुरून उरतं. त्यावर मतदार यादीचं बीएलओचं काम आलं, निरनिराळे सर्व्हे आले, बीटची, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या गटाची, मासिक सभा, प्रकल्पाची सभा, प्रशिक्षण. सभेच्या दिवशी सेविका तालुक्याला आणि मदतनीस आजारी असेल तर दार कोण उघडणार? बदली माणूस ही सोयच नाही. दवाखान्यात परिचारिका रजेवर गेली तर दुसरी येते. इथे बाई आजारी पडली की गावभर बातमी होते, "बंद होती".

एक काळ अकरा रजिस्टरं होती. मग २०२१ मध्ये नोंदी मोबाइलवर भरायचा पोषण ट्रॅकर आला. ॲप तेव्हा इंग्रजीत, फोन जुना झालेला, रेंज नाही. त्या वर्षी राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते, आठवत असेल. आता आहार द्यायचा तर आईचा चेहरा ॲपवर जुळायला हवा. त्याच्या नोंदणीला ओटीपी लागतो, तो जातो नवर्‍याच्या फोनवर आणि नवरा असतो पुण्याला बांधकामावर. बाळ कडेवर, आई उन्हात उभी, सेविका फोन वर धरून "हं, आता डोळे मिचकावा" म्हणते आहे. पाकीट मात्र समोर टेबलावर पडलेलं.

आणि आता माझी गोष्ट. एका सेविकेचा मासिक अहवाल तीन दिवस आला नाही. भर सभेत मी तिला उभं केलं आणि बोलले. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं. नंतर दुसरीने सांगितलं की तिचा मुलगा डेंग्यूने दवाखान्यात होता, ती तिथूनच सभेला आली होती आणि इथून तिथेच परत गेली. मला कुणी विचारायला शिकवलंच नव्हतं. माझ्या तपासणीच्या नमुन्यात वजनकाटा चालू आहे का हा रकाना होता, साठा जुळतो का हा होता, सेविका कशी आहे हा नव्हता. मी माफी मागितली, पण ती सभेत नाही मागितली. आज असते तर सभेतच मागितली असती.

लोखंडी_पूल | २० जुलै, दुपारी १:०२

मॅडम, बदलीची सोय नाही हे मला माहीत नव्हतं. मी कुलूप पाहिलं, त्यामागचं पाहिलं नाही. बकर्‍यांबद्दल मात्र मी ठाम आहे.

निवृत्त_मुख्यसेविका | २० जुलै, दुपारी १:१५

त्यात मी तुमच्याच बाजूने आहे. लेकरं ते पाकीट खात नाहीत, हे सेविकांनी किती सभांमध्ये सांगितलं असेल. त्यांना चव ठरवण्याचा अधिकार नाही आणि शिव्या मात्र त्यांनाच.

वर्धेचा_चरखा | २० जुलै, सायंकाळी ६:४४

चर्चा महत्त्वाची आहे, पण थोडं वेगळं सांगावंसं वाटतं. आपला विदर्भ सेवेची भूमी आहे. १९३६ मध्ये मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम उभं केलं, तेव्हा कुष्ठरोग्याच्या सावलीलाही लोक भीत. वरोर्‍याला बाबा आमट्यांचं आनंदवन, हेमलकशाचा १९७३ पासूनचा लोकबिरादरी प्रकल्प, गाडगेबाबांचा खराटा, तुकडोजी महाराजांचं मोझरी. या लोकांनी तास मोजले नाहीत. मानधनाचा, रजेचा हिशोब मांडता मांडता सेवेतला भाव हरवू नये, एवढीच काळजी. कुणाला दुखवायचं नाही.

पराटीची_बोंडं | २० जुलै, सायंकाळी ७:१०

दादा, त्या थोर माणसांना नमस्कार. पण त्यांनी आपणहून सगळं सोडलं. आमच्या मदतनीसबाईपाशी सोडाले काय हाये? बचत गटाचा हप्ता हाये, पोराची फी हाये. तिनं हे काम धरलं कारण गावात बाईमाणसाले निंदण-वेचणीशिवाय दुसरं काय भेटते? भाव तिच्यापाशी हाये, मी डोयानं पायतो. पण किराणेवाला भाव घेऊन साखर देत नाई बाप्पा.

वर्धेचा_चरखा | २० जुलै, सायंकाळी ७:५२

पटलं. गाडगेबाबा स्वतः कीर्तनात भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी म्हणत आले. भुकेल्यांत वाढणारी बाई धरायची राहिली माझ्याकडून.

तुरीच्या_शेंगा | २० जुलै, रात्री ९:३०

काल म्हटल्याप्रमाणे लिहिते. मानधन हा शब्द आई दोन तुकड्यांत म्हणायची. मान गावाकडून आणि धन सरकारकडून यायचं होतं, दोन्ही वाटेत अडकले, असं म्हणायची.

केंद्राने २०१८ मध्ये सेविकेचा आपला हिस्सा ३००० चा ४५०० केला, मदतनिसाचा १५०० चा २२५०. राज्य आपली भर घालतं. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविका-मदतनिसांनी संप केला, तो जानेवारी २०२४ संपत आला तेव्हा मिटला. पन्नासेक दिवस. आई तोवर निवृत्त झाली होती, तरी रोज टीव्हीसमोर बसायची आणि गर्दीत ओळखीचं तोंड दिसतं का बघायची. गुलाबी साड्यांच्या त्या गर्दीत तिला एकदा आमच्या बीटमधली बाई दिसली आणि ती नातवाला हाक मारून म्हणाली, "ये, ये, माझी मैत्रीण बघ."

पण मला सांगायचं आहे ते निवृत्तीनंतरचं. आई सकाळी सहाला उठते आणि ओट्यावर उभी राहून रस्त्याकडे बघते. लेकरं अंगणवाडीकडे जाताना दिसली की मोजते. तेवीस. चोवीस. "तो बारका आला नाही आज." गुडघे गेलेत, कारण २६ वर्षं खाली बसून वजनं घेतली. टांगत्या काट्याला लेकरू अडकवायचं, ते पाय झाडतं, काटा थरथरतो, तो स्थिर होईपर्यंत उकिडवं बसून एकटक बघायचं. डॉक्टरांनी विचारलं, काय काम करत होता? आई म्हणाली, काही नाही, अंगणवाडीत होते. "काही नाही" हा शब्द तिच्या तोंडी कुणी घातला, याचा मी फार विचार करते.

धानाची_बांधी | २० जुलै, रात्री १०:२५

आम्ही झाडीपट्टीतले. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावातल्याच बायांना आरोग्यदूत केलं, नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये त्याचा अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला : त्या गावांत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. पळसफूल ताई ज्या सहा भेटी देतात त्यांचं मूळ तिथे आहे. म्हणजे देशभरच्या आशा आज जे करतात ते आपल्या विदर्भातल्या कमी शिकलेल्या बायांनी आधी करून दाखवलं.

माझं म्हणणं एवढंच की त्या प्रयोगात बाई एकटी सोडलेली नव्हती. तिच्या पाठीशी नियमित येणारा माणूस होता, तो वह्या तपासायचा आणि चुकलं तर पुन्हा शिकवायचा. देशभर योजना नेताना बॅग, घड्याळ आणि तक्ते गावोगाव पोचले. तो पाठीशी असणारा माणूस तितका पोचला नाही. कागदावर आशांच्या पाठीशी गटप्रवर्तक आहे, पण तिच्याकडे गावं इतकी आणि प्रवासाचे पैसे इतके थोडे की ती येते ती आकडे गोळा करायला.

मोहफुल | २१ जुलै, सकाळी ७:३३

मी मेळघाटातला कोरकू. बहीण धारणीच्या वरच्या अंगाला एका ढाण्यावर (वस्तीवर) सेविका आहे.

आमच्याकडे बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या लोखंडाने चटके द्यायचे, त्याला डम्मा म्हणतात. भुमका, पडियार या गावच्या पुजारी-वैदूंकडे आधी जायचं. बहीण त्याच घरात वाढलेली, तिच्याही पोटावर ते डाग आहेत. ती कुणाला अडाणी म्हणत नाही. ती भुमकाच्या घरी जाऊन बसते आणि म्हणते, काका, तुम्ही पूजा करा, मी गाडी बोलावते, दोन्ही होऊ द्या. असं करून तिने बरीच लेकरं दवाखान्यात पाठवली.

दोन वर्षांमागे एक गेलं. अतितीव्र कुपोषित, आठ महिन्यांचं. आईबाप कामाला बाहेर गेले होते, होळीला परतले तेव्हा लेकरू हातात मावेल एवढं. बहिणीने दंडघेर मोजला, पट्टी लाल, म्हणजे धोका. तीन वेळा तालुक्याला न्यायला समजावलं. चौथ्या दिवशी न्यायला निघाले आणि वाटेतच संपलं.

मग साहेब आले. एक गाडी, दुसर्‍या दिवशी दुसरी, मग तिसरी. प्रत्येकाने तेच विचारलं : कधी वजन घेतलं, कधी कळवलं, नोंद दाखवा. चौकशी व्हावी, लेकराचा जीव गेला आहे. पण बहीण त्या लेकराला रोज आंघोळ घालत होती. ते गेलं तेव्हा त्याच्या आईसोबत तीही रडत होती आणि गाडी आली की डोळे पुसून रजिस्टर काढत होती. तीन दिवसांत एकाही साहेबाने तिला "तू बस जरा" म्हटलं नाही. त्या घरातल्या म्हातारीने म्हटलं. ज्यांचं लेकरू गेलं त्या घरच्या म्हातारीने तिला कुटकीचा भात वाढला.

अजून ती त्या घरावरून जाताना पावलं मोजते. मला सांगते, भाऊ, अठ्ठावीस पावलं लागतात, तेवढी गेली की मग नीट वाटतं.

पळसफूल | २१ जुलै, रात्री ९:१५

मोहफुल दादा, बहिणीला माझा नमस्कार सांगा. म्हणावं, यवतमाळला एक बाई आहे तिचंही एक घर असंच आहे. माझी वाट दुसर्‍या गल्लीने जाते.

रातराणी_अधीक्षिका | २१ जुलै, रात्री ११:४८

मी मुलींच्या आश्रमशाळेच्या वसतिगृहात अधीक्षिका आहे. कुठे ते नको. आमची गणना सहसा कुणी या यादीत करत नाही.

आत्ताही जागी आहे. शंभरावर मुली, रात्री मी आणि एक कामाठीबाई. एका मुलीला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, थंडी-पावसात तिचे सांधे धरतात आणि ती उशी चावून कण्हते, कारण बाकीच्या उठू नयेत. गरम पाण्याची पिशवी, पाणी पाज, पाठ चोळ, गोळी दे, आणि ताप किंवा धाप दिसली तर गाडी. अशा वेळी दुसर्‍या खोलीत सहा वर्षांची एक नवी आलेली आईसाठी रडत असते. दोघींच्या मध्ये व्हरांडा आहे. त्या व्हरांड्यात मी किती फेर्‍या मारल्या असतील.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले की पहिले तीन दिवस मला रात्री दोनला जाग येते. माझा मुलगा बाजूला झोपलेला असतो आणि मी उठून मुली मोजायला निघते.

कोरडवाहू, तुमच्या गावात आश्रमशाळा नसेल. पण तुमच्या यादीत "रात्री" हा शब्द टाका.

बाजारगल्ली | २२ जुलै, सकाळी १०:०५

सगळं वाचून मन जड झालं, म्हणून एक हलकं. अमृत आहार योजनेत अंडी मिळतात ना, आमच्या मावशीच्या अंगणवाडीत एक पोरगा रोज अंडं खिशात घालून न्यायचा. मावशीने विचारलं, काय रे, खात का नाहीस? म्हणे, कोंबडीखाली ठेवतो, पिल्लू निघालं की सगळ्यांना देईन. मावशी म्हणाली, अरे बाबा, हे उकडलेलं आहे! पोरगा दोन दिवस रुसला.

पराटीची_बोंडं | २२ जुलै, सकाळी १०:२०

पोट्टं पुढं जाईन. भांडवल गुंतवाले शिकलं ते.

बाजारगल्ली | २२ जुलै, सकाळी १०:२४

आणि अंगणवाडीच्या उसळीला जी चव असते ती घरी का येत नाही, यावर वेगळा धागा काढावा काय?

सातपुडा_पायथा | २२ जुलै, सकाळी ११:००

काढा. मोठ्या पातेल्यात मंद आचेवर मोट-बरबटी शिजते आणि तिखट कमी असतं, म्हणून. आता विषयावर या.

कागदपत्र | २२ जुलै, दुपारी ३:३०

दोन-तीन कामाच्या गोष्टी, कारण हळहळ बरीच झाली आणि ग्रामसभेत कागद लागतो.

२५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना तेव्हाचा १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो. ज्या बायांना "मानसेवी" म्हणून बाजूला ठेवलं होतं, त्यांच्या कामाला न्यायालयाने तिथे काम म्हटलं. हा निकाल प्रत्येक सेविकेला माहीत हवा.

दुसरं, सुरक्षितता. आज कामाच्या जागी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे, त्याआधी १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं होती. ती ज्या प्रकरणातून आली ती भंवरी देवी राजस्थानात गावपातळीवर काम करणारी साथिन होती. १९९२ मध्ये बालविवाह थांबवायला गेली म्हणून तिच्यावर अत्याचार झाला. शहरातल्या ऑफिसात ज्या कायद्याची पाटी लागते तो आपल्या आशाताईसारख्याच एका बाईच्या सोसण्यातून आला आहे. रात्री बाळंतिणीसोबत जाणार्‍या आशेला परत कोण सोडतं, हा प्रश्न ग्रामसभेत विचाराच. तक्रारीसाठी जिल्ह्याला स्थानिक समिती असते, तिचा पत्ता अंगणवाडीच्या भिंतीवर लिहून घ्या.

तिसरं, टेलिमानस. १४४१६ वर फोन केला की मनातलं बोलता येतं, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. पळसफूल ताई, तुमचा फॉर्म चुलीत गेला. हा नंबर मात्र लिहून ठेवा, गावाला सांगायला आणि तुम्हालाही.

निवृत्त_मुख्यसेविका | २२ जुलै, दुपारी ४:१०

कोरडवाहू, एक विनंती. ग्रामसभेत या पाच जणींना उभं करून "तुम्हाला काय त्रास आहे" असं विचारू नका. समोर सरपंच, पोलीस पाटील, नवर्‍याचे चुलते, आणि ज्यांच्या घरी रोज जायचं ते सगळे. त्या "काही त्रास नाही" म्हणतील आणि तेच इतिवृत्तात लिहिलं जाईल. पुढची दहा वर्षं तो कागद त्यांच्याच विरोधात वापरला जाईल.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, तिथे आधी बोलू द्या. त्याहून बरं म्हणजे दोघी-तिघी बाया त्यांच्या घरी जा, संध्याकाळी, भाकरी टाकून झाल्यावर.

लोखंडी_पूल | २२ जुलै, सायंकाळी ५:००

यावर थोडा वाद घालतो. घरात विचारलेलं घरातच राहतं. इतिवृत्तात आलं नाही तर पंचायत हलत नाही. गुपचूप सहानुभूती आपल्या गावांत भरपूर आहे.

निवृत्त_मुख्यसेविका | २२ जुलै, सायंकाळी ५:४०

बरोबर आहे तुमचं. मग असं करा : ऐकायचं घरी आणि मांडायचं सभेत, पण मांडणारा दुसरा हवा. नाव तिचं नको.

तुरीच्या_शेंगा | २२ जुलै, रात्री ८:१८

आईला विचारलं की तुला कुणी काय विचारायला हवं होतं. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तू आजारी पडली तर लेकरांना कोण सांभाळते, हे विचारायला पाहिजे होतं. आणि लघवीला कुठं जाते हे." आमच्या अंगणवाडीला संडास होता, पाणी नव्हतं. आई सकाळपासून पाणीच प्यायची नाही. मूतखडा दोनदा झाला. मला हे आज कळलं.

कोरडवाहू | १८ ऑगस्ट, रात्री १०:१२

मंडळी, उशीर झाला, माफ करा. सोयाबीनवर अळी होती, फवारणीत अडकलो.

तुम्ही सांगितलं तसंच केलं. माझी बायको, शेजारची काकू आणि शाळेतल्या एक मॅडम, अशा तिघी पाचही घरी गेल्या. यादी नेली नाही. तुरीच्या_शेंगा यांच्या आईचे दोन प्रश्न, आणि "रात्री" हा शब्द. बाकी ऐकायचं.

काय निघालं ते सगळं लिहीत नाही, काही गोष्टी त्या घरांच्याच आहेत. पण आम्ही धरलेल्या यादीतला पंखा एकीनेही काढला नाही. मोठी आशाताई म्हणाली, रविवारी दुपारी दोन तास कुणी फोन करू नका, बाळंतपण असेल तरच. एवढंच. निराधारांचं बघणारी बाई म्हणाली, म्हातारा गेला की मला कुणी कळवत नाही, मी डबा घेऊन जाते आणि दाराला कुलूप दिसतं. हे ऐकून आम्ही सगळे खाली बघत होतो, कारण तीन महिन्यांमागेच असं झालं होतं आणि मयतीला मी स्वतः होतो.

सभेत शाळेच्या मॅडमनी मांडलं, नावं न घेता. नळजोडणीचा ठराव झाला. तोवर पंचायतीचा शिपाई रोज सकाळी दोन ड्रम गोडं पाणी अंगणवाडीत टाकणार. तिसरा दिवस आहे, टाकतो आहे. रात्री आशाताई बाळंतिणीसोबत गेली तर तिला आणायला चार पोरांची पाळी लावली, नंबर पंचायतीच्या फळ्यावर आहेत. स्थानिक समितीचा पत्ताही रंगवून घेतला. बदली मदतनीसाचा विषय निघाला तेव्हा सभा थंड पडली. ते पंचायतीच्या हातात नाही म्हणाले. वरती अर्ज केला आहे, पाहू. खरं सांगतो, ते झालं नाही याचा मला राग आहे. वहिनीला ताप आला तरी ती जाणारच.

वहिनीकडे त्या तिघी गेल्या तेव्हा मी मुद्दाम बाहेर ओट्यावर बसलो. आतून बराच वेळ आवाज येत होता, मग हसणं ऐकू आलं. वहिनी एवढ्या मोठ्याने हसते हे मला माहीत नव्हतं. नंतर बाहेर येऊन म्हणाली, "भाऊ, उद्या तुमी पाण्याची एक खेप मारता का?" मारली. खांद्याला गाठ आली आहे.

पराटीची_बोंडं | १८ ऑगस्ट, रात्री १०:३०

गाठीले हळद लावा भाऊ. फोटो टाका ड्रमचा.

मोहफुल | १९ ऑगस्ट, सकाळी ६:५५

बहिणीला सगळा धागा वाचून दाखवला. कोरकूत सांगत सांगत, दोन संध्याकाळी लागल्या. पळसफूल ताईंचा नंबर मागते आहे. चालेल का?

पळसफूल | १९ ऑगस्ट, रात्री १०:४०

दादा, निरोपात टाकते नंबर. तिला म्हणावं, रात्री नऊनंतर कधीही कर. उद्या सोडून, उद्या २८व्या दिवसाची भेट लांब आहे, यायला उशीर होईल.